बंदुकांच्या खोलीला वारस हवा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही वही आर्डिसने आणली. सकाळी डॉक्टर म्हणाला, "ऑर्विल, तुमचं ब्लडप्रेशर मिठाने वाढत नाही, चिडचिडीने वाढतंय. चिडलात की माणसांवर ओरडू नका, लिहून काढत जा." मी मोटारीत बसेपर्यंत माझी बायको समोरच्या दुकानातून वही घेऊन आलीसुद्धा. इतक्या वर्षांच्या संसारात तिने डॉक्टरचं इतकं तातडीने कधी ऐकलं नव्हतं.

तर लिहितो. आज चिडायला कारण वकीलबाई. क्विगली तिचं नाव, वय माझ्या बुटांपेक्षा कमी असेल. हार्डवेअरच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे. जिना चढून धाप लागलेली, तेवढ्यात तिने विचारलं, "मिस्टर स्टेन्सरूड, उद्या तुम्ही नसलात तर त्या बंदुकांच्या खोलीचं दार कोण उघडणार?"

"मी नसलो तर बंद राहील."

"असं चालत नाही ना!"

घर, जमीन, बँकेतलं काय असेल ते, याचं मृत्युपत्र अर्ध्या तासात झालं. घोडं अडलं ते बंदुकांपाशी. बाईचं म्हणणं असं, की बंदूक म्हणजे काही कपाट नाही, की बाप गेला आणि पोराने उचलून नेलं. या राज्यात चालतं ते शेजारच्या राज्यात चालत नाही. ज्याला कायद्याने बंदूक बाळगता येत नाही त्याच्या हातात चुकून दिली, तर देणाराच आत जायचा. म्हणून बंदुकांचा वेगळा ट्रस्ट करायचा. जिवंत आहे तोवर मी विश्वस्त, माझ्यामागे दुसरा कुणीतरी. हे मला पटलं. गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीने नवऱ्याच्या रायफली चादरीत गुंडाळून लिलावाला आणल्या होत्या. एकीच्या नळीत काडतूस तसंच होतं.

"मग विश्वस्त कोण?" बाईने विचारलं.

"लाइल. माझा मुलगा. एकुलता एक. दुसरं कोण असणार?"

"त्यांना विचारलंय?"

"पोराला काय विचारायचं? मला माझ्या बापाने विचारलं होतं का?"

मग तिने एक कलम वाचून दाखवलं. एखाद्याच्या हाती बंदूक देणं धोक्याचं आहे असं विश्वस्ताला वाटलं, तर त्याने ती देऊ नये, आणि त्याचं कारण सांगायला तो बांधील नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "बाई, माझं घर आहे, तुरुंग नाही. खोडा ते."

आर्डिस खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "राहू दे ना ते कलम, ऑर्विल. कुठे दुखतंय तुला?"

"खोडा," मी म्हटलं. खोडलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाईने सगळ्या बंदुकांची यादी मागितली आहे. नंबरासकट. सकाळपासून खोलीत बसून होतो. गंमत म्हणजे यादी पुढे सरकत नाही. एक हातात घेतली की तिची सगळी हकीकत आठवते आणि तासभर तिथेच जातो. आजोबांनी नॉर्वेहून येताना आणलेली, जिच्यावर त्यांनी पहिला हिवाळा काढला. वीज कंपनीत तारा ओढायला खांबावर चढायचो त्या काळात घेतलेली पहिली विंचेस्टर रायफल. तिचा दस्ता फुटलेला होता, तो मी अक्रोडाच्या लाकडातून नवा कोरला. त्यानंतर दरवर्षी एक तरी येत गेली. लोक म्हणतात, एवढ्या कशाला? टपाल तिकिटं जमवणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

दुपारी एमिलकडे कॉफीला गेलो. एमिल बाबिचचं बंदुकांचं दुकान आहे. माझ्याहून बराच लहान, पण मित्र म्हणावा असा गावात तेवढाच. त्याला वकीलबाईचं सगळं सांगितलं. वाटलं, तोही हसेल. तो कपातच बघत राहिला.

"लाइलला देणार म्हणतोस?"

"मग काय तुला देऊ?"

"तसं नाही रे. त्याच्याशी आधी बोल. आणि घाई करू नको."

मी सत्त्याहत्तरचा झालो आणि हा मला म्हणतो, घाई करू नको!

११ ऑक्टोबर, शनिवार

लाइलला फोन केला. तो ग्रेट फॉल्सला असतो, ट्रक दुरुस्तीच्या डेपोत. गेल्या वर्षी बायको दोन्ही मुलींना घेऊन बॉयसीला निघून गेली, तेव्हापासून एकटाच आहे. चार वेळा घंटी वाजून बंद पडली. पाचव्यांदा उचलला.

"लाइल, अरे तुझ्यासाठी मोठी गोष्ट करतोय. सगळ्या बंदुका तुझ्या नावे."

तिकडे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केला.

"बाबा, कुणाला तरी देऊन टाका ना त्या."

"कुणाला तरी? कुणाला तरी म्हणजे कुणाला? रस्त्यावरच्या माणसाला?"

"म्युझियमला द्या. एमिलकाकांना द्या. मला जागा नाही, बाबा."

जागा नाही! तीन खोल्यांच्या घरात एकटा राहतो. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आईला फोन द्या." आर्डिस फोन घेऊन न्हाणीघरात गेली आणि दार लावून घेतलं. नळ सोडून ठेवला होता. मायलेकांचं माझ्याविरुद्ध काय चाललेलं असतं कोण जाणे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. लाइल बारा वर्षांचा झाला तेव्हापासून या दिवशी आम्ही दोघं स्नोई डोंगरात जातो. आजारपण असो, लग्न असो, जातोच. यंदा तो यायचा नाही म्हणत होता. मी म्हटलं, नाही आलास तर मीच गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. आला. पण रायफल न घेता आला.

"रायफल कुठे?"

"खांदा दुखतोय, बाबा. तुम्ही मारा, मी सामान घेतो."

खांदा! हा माणूस दिवसभर ट्रकचे गिअरबॉक्स उचलतो. सकाळ तिथेच बिघडली.

वर कड्याखाली बसलो. बर्फ पातळ होतं, वारा मात्र कान कापत होता. लाइल बारीक झालाय. दाढी वाढवलीय, ती त्याला शोभत नाही. मी मुलींचं विचारलं. "बऱ्या आहेत," म्हणाला. कामाचं विचारलं. "बरं आहे." मग मी बंदुकांचं काढलं. ट्रस्ट कसा असतो, विश्वस्ताने काय करायचं, दर वर्षी तेल कसं द्यायचं, कुठल्या बंदुकीची स्प्रिंग जपायची. तासभर बोललो. त्याचं लक्ष खालच्या दरीकडे होतं.

तेवढ्यात झाडीतून नर हरीण बाहेर आलं. असं जनावर मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. शिंगं अशी, की बघतच राहावं. आडवं उभं राहिलं, जसं काही फोटो काढायला. मी माझी रायफल लाइलपुढे केली. "घे. तुझं आहे हे. मार."

तो मागे सरकला. दोन्ही हात खिशात घातले, जसं काही मी त्याच्यापुढे साप धरलाय.

"नको म्हटलं ना, बाबा!"

एवढ्या जोरात ओरडला, की हरीण गेलं. सगळा डोंगर गेला म्हणा. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. उतरताना बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा फार होता.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं त्याने वहीचीही काही पानं फाटतील.

एमिलच्या दुकानात बंदूक साफ करायचं तेल आणायला गेलो. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता, म्हणून मी स्वतःच मागच्या खोलीत गेलो. ती लोखंडी जाळीची खोली, जिथे तो दुरुस्तीला आलेला माल ठेवतो. तिथे लाइलची रायफल. बाराव्या वाढदिवसाला मी दिलेली, दस्त्यावर त्याची अक्षरं मी स्वतः कोरलेली. शेजारी त्याची शॉटगन. तिच्या शेजारी त्याच्या सासऱ्याने दिलेलं पिस्तूल. सगळ्यांना चिठ्ठ्या लावलेल्या.

म्हणजे पोराने विकल्या! आणि विकल्या कुणाला, तर माझ्याच मित्राला. म्हणूनच 'एमिलकाकांना द्या', म्हणूनच 'घाई करू नको'.

एमिल आला. माझ्या हातात ती रायफल बघून त्याचा चेहरा उतरला.

"किती दिलेस त्याला?" मी विचारलं.

"ऑर्विल, मी विकत घेतलेली नाही."

"मग इथे काय झोपायला आली?"

"ठेवायला दिलीय."

"घरात तिजोरी आहे त्याच्या. मी घेऊन दिलेली. ठेवायला कशाला देईल?"

"ते तू त्यालाच विचार. मी शब्द दिलाय."

"मला सांग. मी बाप आहे त्याचा."

"म्हणूनच म्हणतो, त्याला विचार. आणि विचारशील तेव्हा ओरडू नको, हात जोडतो."

ओरडू नको! मी तेलाचा डबा काउंटरवर आपटला आणि निघून आलो. या माणसाबरोबर मी कॉफी प्यायचो. संपलं. दुसरीकडे कॉफी मिळत नाही असं नाही.

आर्डिसला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "पैशाचा प्रश्न नसेल, ऑर्विल."

"मग कशाचा?"

"तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मी आत्ता एवढं सांगितलं, आणि ही पुन्हा विचारते मला काय वाटतं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठीक आहे. पोराला नको तर नको. जगात दुसरे लोक आहेत.

म्युझियमवाली बाई खोली बघायला आली. फार गोड बोलली. सगळ्या बंदुकांना 'वस्तू' म्हणत होती. चार वस्तू घेईन म्हणाली. आजोबांची बंदूक घेऊन तिचं काय करणार विचारलं, तर म्हणे तळघरात योग्य तापमानात ठेवू. मी म्हटलं, माझ्या तळघरात काय आग लागलीय?

मग लिलाव कंपनीचा मुलगा. त्याने हातमोजे घातले हे बरं केलं. पण प्रत्येक बंदुकीचा मोबाईलवर फोटो काढला की म्हणायचा, "सुपर!" मी दस्ता कोरल्याची हकीकत सांगायला लागलो तर म्हणाला, "दस्ता बदललाय? अरेरे, मग किंमत उतरते." त्याला मी दाराबाहेरच नेऊन सोडलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आर्डिस दर मंगळवारी ग्रेट फॉल्सला जाते. दोन तास जायला, दोन तास यायला, रस्त्यावर बर्फ. कशाला, तर म्हणे लाइलला स्ट्यू द्यायला. मी म्हटलं, त्याचा फ्रीजर आता स्ट्यूने फुटेल. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला आईच्या हातचं जेवण मोटारीने पोचवायचं! आणि परत येते ती थकून, डोळे लाल करून. पेट्रोल जाळायचं, जीव दमवायचा, आणि मी काही म्हटलं की मीच कठोर.

"तूही चल एकदा," म्हणाली.

"स्ट्यू पोचवायला दोन माणसं लागतात?"

या मंगळवारीही एकटीच गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठरवलं. म्युझियम, लिलाव सगळं झक मारू दे. कागद लाइलच्याच नावाने करून घेतले. वकीलबाई दोनदा म्हणाली, "त्यांचा होकार?" मी म्हटलं, "थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येतोय, तेव्हा घेतो होकार." माझ्या लक्षात आलंय. पोराला वाटत असेल बाप त्याच्यावर विश्वास टाकत नाही. बायको सोडून गेली, माणूस खचतो, आपण कशाच्याच लायक नाही असं वाटायला लागतं. विकायची वेळ आली असेल ती त्यातूनच. अशा वेळी बापाने काय करावं? त्याच्या हाती सगळ्यात मोलाची गोष्ट द्यावी आणि म्हणावं, घे, तू लायक आहेस.

खोलीची दुसरी किल्ली करून आणली. एका छोट्या डबीत घातली. आर्डिसला दाखवली नाही. तिला कशातच आनंद वाटत नाही हल्ली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग.

लाइल सकाळी आला. दाढी काढली होती. टर्की चांगली झाली होती, आर्डिसने लेफसेही केले होते, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, लाइलला लहानपणापासून आवडतात. त्याने तीन खाल्ल्या. मुलींचा फोन आला, त्यांच्याशी बोलताना हसला. मला वाटलं, वेळ बरी आहे.

जेवण झाल्यावर मी डबी त्याच्यापुढे ठेवली. "तुला. आई आणि मी जाऊ तेव्हा जाऊ. पण खोलीची किल्ली आजपासून तुझ्याकडेही. कधीही ये, कधीही उघड. विचारायची गरज नाही."

त्याने डबी उघडली. त्याचा चेहरा असा पांढरा पडला, की मला वाटलं घशात काही अडकलं. त्याने डबी बंद केली, बोटाने टेबलावरून माझ्याकडे परत सरकवली, उठला आणि बाहेर गेला. कोटही घातला नाही. खिडकीतून दिसत होतं, आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. इंजिन सुरू केलं नाही.

"याला झालंय तरी काय?" मी म्हटलं. "माणूस एवढं देतो आणि हा—"

"ऑर्विल," आर्डिस म्हणाली, "आता एक शब्द बोलू नको." असा आवाज तिचा मी ऐकला नव्हता. त्याचा कोट घेऊन ती बाहेर गेली आणि ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसली. मी एकटा टेबलाशी. भोपळ्याची पाई समोर. क्रीम घट्ट फेटलं होतं, ते बसायला लागलं.

दोघं आत आली. लाइल उभाच राहिला, खुर्चीची पाठ धरून.

"बाबा, मला ही किल्ली देऊ नका. मी माझ्या बंदुकाही ऑगस्टमध्ये एमिलकाकांकडे नेऊन ठेवल्या. विकल्या नाहीत. घरात ठेवायची भीती वाटायला लागली."

"कसली भीती? चोरांची?"

खरंच विचारलं मी असं. लिहितो कारण विचारलं.

"माझी," तो म्हणाला.

आर्डिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो सांगत होता, खाली बघून, सावकाश. मुली गेल्यापासून काही दिवस असे येतात, की उद्या असावं असं वाटत नाही. अशा एका दिवशी त्याने सगळ्या ट्रकमध्ये घातल्या आणि सरळ एमिलच्या दारात नेल्या. आता मंगळवारी एका समुपदेशक बाईकडे बोलायला जातो, आई गाडीतून नेते. थोडं बरं वाटतं. पण अजून भरवसा नाही. डोंगरात मी रायफल पुढे केली तेव्हा त्याला हातही लावायचा नव्हता.

"मला तुमच्या बंदुका नकोशा नाहीत, बाबा. तुमचं ऐकायलाही आवडतं. पण मला त्यांच्याजवळ ठेवू नका."

सत्त्याहत्तर वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "बस. पाई खा."

तो बसला. खाल्ली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लाइल आज थांबलाय. मी आणि तो दिवसभर अंगणातला बर्फ काढत होतो. काढायला फारसा नव्हताच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एमिलच्या दुकानात गेलो. तो काउंटरमागे होता. मी म्हटलं, "एमिल, मी त्या दिवशी तेलाचा डबा आपटला."

"चेपलाय तो. पैसे लावीन."

"लाव."

त्याने कॉफी ओतली. कप अर्धा झाल्यावर मी विचारलं, "कसा दिसत होता तो त्या दिवशी?"

"भिजलेल्या कुत्र्यासारखा," एमिल म्हणाला. "पण आला, ऑर्विल. आपल्या पायाने आला. माझ्याकडे असे आणखीही काही लोक ठेवून जातात. जे येतात त्यांची मला काळजी कमी वाटते."

१ डिसेंबर, सोमवार

आर्डिसवर चिडलोय. तिला ऑगस्टपासून माहीत. चार महिने! एका टेबलावर जेवतो आम्ही.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने सांगू नको म्हटलं होतं. आणि त्याने प्रयत्न केला, दोनदा. तू दरवेळी बंदुकांनी सुरुवात करायचास, मग त्याला त्याचं काढता यायचं नाही."

"मला काय माहीत?"

"नव्हतंच माहीत. म्हणून तर रोज वाटायचं, आता कळेल, आता कळेल. त्या न्हाणीघराच्या नळाचं पाणी किती गेलं असेल माझ्यामुळे!"

मग ती हसली आणि रडली, दोन्ही. मला कुठल्याचं काय करावं कळेना. रुमाल दिला.

३ डिसेंबर, बुधवार

वकीलबाईकडे. जिना तेवढाच उंच. आर्डिस आणि एमिल दोघंही बरोबर. मी म्हटलं, "ते खोडलेलं कलम परत घाला."

"कुठलं?"

"कारण सांगायला बांधील नाही, ते. आणि विश्वस्त म्हणून लाइलचं नाव काढा."

बाईने काही विचारलं नाही. बरी आहे बाई. विचारलं ते एवढंच, "मग कोण?"

मी एमिलचं म्हणणार होतो. एमिलने आर्डिसकडे बोट केलं. "हिचं घाल आधी. मी दुसरा."

"आर्डिसला बंदुकांतलं काय कळतं?"

"ऑर्विल," आर्डिस म्हणाली, "त्या खोलीत धूळ कोण पुसतं? तुझ्या प्रत्येक बंदुकीची हकीकत मी इतक्या वेळा ऐकलीय, की झोपेत सांगेन. आणि कुणाला द्यायची नाही हे मला तुझ्याआधी कळतं."

बाई खाली मान घालून लिहीत होती. हसत असावी. सही केली. नातींच्या नावे काय ठेवायचं ते त्या मोठ्या झाल्यावर आर्डिस ठरवील, नाही ठेवायचं असंही ठरवील. मला त्यात आता बोलता येणार नाही. कायद्याने.

६ डिसेंबर, शनिवार

लाइल वसंतापर्यंत इथे राहायला येतोय. डेपोच्या मालकाने इथल्या शेडमध्ये काम दिलंय. ग्रेट फॉल्सच्या त्या समुपदेशक बाईकडे जाणं मंगळवारचं चालूच राहणार. आर्डिसने विचारलं, झोपेल कुठे? वरची खोली हिवाळ्यात गोठते. खालची उबदार खोली एकच.

म्हणजे कुठली, ते मला कळलं.

आज एमिल व्हॅन घेऊन आला. दुपारभर आम्ही दोघं बंदुका बाहेर काढत होतो, गोधड्यांत गुंडाळून. एमिल भराभर उचलत होता आणि मी दरवेळी म्हणत होतो, "हळू, ही १८९४ची आहे." शेवटी तो म्हणाला, "ऑर्विल, हकीकत सांगायची तर दुकानात येऊन सांग. रोज ये. पण आत्ता हात चालव." आजोबांची सर्वांत शेवटी नेली. आर्डिस दारात उभी होती. मला वाटलं ती म्हणेल, एक राहू दे. ती म्हणाली, "तीही." बरोबर होतं तिचं. तरी राग आला.

भिंतीवर आता नुसते खिळे. ते काढले आणि भोकं बुजवली. रंग तोच मिळाला नाही. ठिपके दिसतात.

१४ डिसेंबर, रविवार

आठवडा झाला पोराला येऊन आणि माझ्या जिवाला चैन नाही. दिवे चालू ठेवतो. बूट दारातच काढतो, मी अडखळतो. कॉफी अशी करतो, की चमचा उभा राहील. टीव्हीचा रिमोट कुठे ठेवतो ते त्याला आणि देवालाच ठाऊक. चार-पाच शब्द बोलतो दिवसाकाठी, पण परवा आपणहून एमिलच्या दुकानाचं विचारलं. मी आजोबांच्या रायफलीची हकीकत सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाला, "आता आपण दुसरं काहीतरी बोलू या." मी म्हटलं, "काय?" मग हवामानावर बोललो.

आज जेवण झाल्यावर खोलीत जाऊन झोपला आणि घोरायला लागला. काय ते घोरणं! मी पेपर घेऊन खोलीबाहेर बसलो होतो, एक बातमी धड वाचता येईना. आर्डिस म्हणाली, "एवढा त्रास होतोय तर दार लाव ना."

"दार लावलं तर घर तापवणाऱ्या भट्टीची ऊब आत कशी जाईल?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि भांडी घासायला गेली.

मध्येच एकदा घोरणं थांबलं. मी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, उठलो. दारापर्यंत गेलो. तेवढ्यात त्याने कूस बदलली आणि पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने. सबंध घर हलत होतं. असला आवाज माणसाच्या नाकातून येतो तरी कसा!

मी येऊन बसलो आणि पेपर परत उघडला.